दोनशे चौदा हातोडे

४ मार्च, सकाळी ६.२०
देवासमोर बसले. नामस्मरण झाल्यावर फोन पाहिला, तोही पाचच मिनिटं. मला खेळाचं वेड नाही. बरण्यांचा साधा खेळ आहे. फडताळात तीन सारख्या बरण्या एका रांगेत आणायच्या की त्या नाहीशा होतात. चित्त एकाग्र होतं. मध्ये मध्ये जाहिराती येऊन एकाग्रता मोडत होती, म्हणून मागच्या वर्षी कायमचा विकत घेतला. तीनशे नव्व्याण्णव, एकदाच. हिशेबाच्या वहीत ‘औषधपाणी’ खाली लिहिले आहेत. मनाचं औषधच आहे ते.

हरलं की एक जीव जातो. ओळखीतलं कुणी रोज एक जीव पाठवू शकतं. सहाला महाराणीचा आला. मीही एक परत पाठवला. फुकट असतो.

महाराणी म्हणजे माझी नणंद. खेळात तिने हेच नाव घेतलंय, यावरून काय ते समजावं. आमचा चार वर्षं अबोला आहे. चारचौघांत म्हणाली होती, वहिनीकडे चहात साखर घालत नाहीत, नुसती दाखवतात. माझं खेळातलं नाव ‘पाहुणी ४४७१’. कंपनीने दिलेलं आहे, बदलायला पन्नास नाणी पडतात. त्यामुळे रोज जीव पाठवणारी मी आहे हे तिला माहीत नाही. अबोला शाबूत आहे.

५ मार्च
पायरी ३१८ वर अडकून आज एक्कावन्नावा दिवस. हातोडा मारला की अडलेली बरणी फुटते आणि वाट मोकळी होते. माझ्याकडे दोनशे चौदा हातोडे जमलेत. मारला नाही. अडीअडचणीला असावेत. नणंद ६४० वर आहे. तिचा हात पहिल्यापासून सैल.

७ मार्च, दुपारी
खेळ उघडला तर मधोमध पाटी. ३० मार्चला दुपारी बारा वाजता खेळ कायमचा बंद. ‘तुम्ही दिलेल्या प्रेमाबद्दल आभारी आहोत.’ मी प्रेम दिलेलं नाही, पैसे दिलेत.

चिरंजीवांना विचारलं. म्हणाला, आई, त्यांनी सर्व्हर बंद करायचं ठरवलंय. म्हटलं, त्यांचं त्यांनी काय ते बंद करावं, माझा खेळ माझ्या फोनमध्ये आहे. तो म्हणाला, फोनमध्ये नुसतं दार आहे, घर त्यांच्याकडे. म्हटलं, म्हणजे उद्या दुकानदार येऊन माझा कुकर उचलून नेईल का. म्हणाला, कुकरच्या बाबतीत अजून तरी जमलेलं नाही.

निर्धार: पै न पै वसूल करणार. प्रश्न खेळाचा नाही, तत्त्वाचा आहे.

८ मार्च
कंपनीला पत्र लिहिलं. मॅट्रिकला भाषेत बहात्तर मार्क होते, ते इतक्या वर्षांनी कामी आले. चार पानं झाली. चिरंजीव म्हणाला, पैसे परत द्या एवढंच लिही, चार पानं कोण वाचतंय. पूर्ण पत्र पाठवायला लावलं. दोन मिनिटांत उत्तर आलं. त्यात पैशांबद्दल काही नव्हतं; आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल असं विचारलं होतं. एक दिला. मग वाटलं, बिचाऱ्यांनी उत्तर तरी लगेच दिलं. दोन केले.

१२ मार्च, सकाळी
देवाला मी अशा गोष्टींसाठी त्रास देत नाही. फक्त कंपनीला सद्बुद्धी दे म्हटलं. खेळ वाचला तर साखर सोडीन असंही कबूल केलं. उठल्यावर आठवलं, साखर डॉक्टरांनी सोडायला सांगून दोन वर्षं झाली. पण देवाने ऐकून घेतलंय, आता बदलणं बरं दिसत नाही.

१५ मार्च
हे मागच्या वर्षीची हिशेबाची वही घेऊन आले. म्हणाले, औषधपाणी तीनशे नव्व्याण्णव, आणि गुडघा तर होता तसाच आहे. सांगावं लागलं. हसतील अशी तयारी ठेवली होती. हसले नाहीत. म्हणाले, म्हणजे तुमचं दोघींचं बोलणं बंद पडणार. म्हटलं, कसलं बोलणं, आमचा अबोला आहे. म्हणाले, हो, रोज सकाळी सहाला असतो, माहीत आहे मला.

यांना काही सांगण्यात अर्थ नाही.

१९ मार्च
ग्राहक तक्रार कार्यालयात गेले. दोन बस बदलाव्या लागल्या. टेबलामागच्या बाईंनी विचारलं, वस्तू काय होती. म्हटलं, खेळ. म्हणाल्या, दाखवा. फोन हातात घेऊन बराच वेळ बघत बसल्या. मला वाटलं, प्रकरणाचा अभ्यास चाललाय. शेवटी म्हणाल्या, इथे एक हातोडा मारलात तर सुटतं हे. म्हटलं, माहीत आहे. म्हणाल्या, मग मारत का नाही, एवढे आहेत. मी म्हटलं, तक्रारीचं बघा.

पावती त्यांनी चष्मा वर करून वाचली. अगदी खाली मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलंय, की मी खेळ विकत घेतलेला नाही, खेळायची परवानगी घेतली आहे. म्हटलं, वर ‘कायमचा’ लिहिलंय ते काय. म्हणाल्या, मोठं अक्षर वाचायला असतं, लहान अक्षर खरं असतं. तरी तीन प्रतींत अर्ज घेतला. सुनावणी २ मे. तोवर खेळच नसेल, पुरावा काय दाखवू असं विचारलं, तर म्हणाल्या, फोटो काढून ठेवा. घरी येऊन फडताळाचे फोटो काढले. बसभाडं ‘धर्मादाय’ खाली लिहिलं.

विजय आपलाच आहे.

२४ मार्च, सकाळी ७.१५
जीव सहाला आला नाही. सव्वासहालाही नाही. मला काळजी नव्हती. यांना सहज विचारलं, तुमच्या बहिणीची तब्येत कशी असते हल्ली. म्हणाले, फोन करून विचार. म्हटलं, मला कशाला हव्यात चौकशा. सात वाजून दहा मिनिटांनी जीव आला. झोपून राहिली असेल. आळशी पहिल्यापासूनच.

दूध उतू गेलं. गॅसची ज्योत मोठी होती.

२९ मार्च
कंपनीने माझ्या चार पानांना उत्तर अजून दिलेलं नाही. देवानेही नाही. उद्या बाराला सगळं जाणार, हातोड्यांसकट. चौदा महिने एक एक करून साठवलेले. चिरंजीव म्हणाला, आई, आज बसून सगळे मारून टाक, मजा घे. म्हटलं, उधळपट्टीत मजा वाटणारी माणसं वेगळी.

तेवढ्यात एक सुचलं. हातोडे दुसऱ्याला पाठवता येतात. वाया जाण्यापेक्षा दान केलेलं बरं. आणि नाव पाहुणी, म्हणजे गुप्तदान. या हाताचं त्या हाताला कळायचं नाही. खेळात ओळखीचं दुसरं कुणी नाही, म्हणून तिला. नाहीतर कुणालाही दिले असते.

३० मार्च
साडेनऊला बसले. एका वेळी एकच जातो, दर वेळी तीनदा बोट लावावं लागतं. भाजी करपली. हे येऊन बघून गेले. साडेअकराला दोनशे तेरा गेले. एक ठेवला. घरात अगदीच काही नसणं बरं नाही.

तो ३१८ वर मारून बघावा असं एकदा मनात आलं. पण शेवटच्या अर्ध्या तासात सवय कशाला मोडायची.

बाराला पडदा करडा झाला. मी डाळ निवडायला घेतली. निवडलेलीच होती.

३१ मार्च, सकाळी ६.००
फोन पाहिला, तो वेळ बघायला. जीव आलेला नाही. येणार नव्हताच.

निर्धार: अबोला चालू. मी आपणहून फोन करणार नाही.

सकाळी ६.४०
सहा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. नणंद. नमस्कार नाही, चमत्कार नाही. म्हणाली, वहिनी, चौदा महिने हातोडे दाबून ठेवलेस आणि शेवटच्या दिवशी माझ्या अंगावर ओतलेस, आता त्यांचं काय लोणचं घालू. म्हटलं, मी नाहीच ती. म्हणाली, पन्नास नाणी वाचवायला जन्मभर पाहुणी राहणारी आमच्या घरात दुसरी कोण आहे. पहिल्या दिवसापासून ओळखलं होतं. आणि दोनशे तेरा हा काय आकडा झाला, एक ठेवून घेतलास ना.

मी विषय बदलला. चोवीस तारखेला सात वाजेपर्यंत कुठे होतीस, म्हणून विचारलं. म्हणाली, रक्त तपासायला गेले होते, सगळं ठीक आहे, तू वाट बघत होतीस का. म्हटलं, घड्याळ समोर होतं.

रविवारी चहाला येते म्हणाली. साखर स्वतःची घेऊन येईन म्हणाली. मी नको म्हटलं नाही.

बावीस मिनिटं बोललो. फोन तिने केला होता, म्हणून मीही घाई केली नाही.