'चांगला माणूस' एवढंच म्हणालो

प्रिय कर्टिस,

सिमेंटच्या उतारावरून खाली येणाऱ्या खिळ्यांच्या बुटांचा आवाज आज सकाळपासून माझ्या कानांत आहे. कपडे बदलायच्या खोलीपासून मैदानापर्यंतचा आपला तो उतार. साठ पोरं, एकशे वीस बूट, पत्र्यावर मक्याचे दाणे ओतावेत तसा कडकडाट. आणि त्या कडकडाटात एक जोडी वेगळी वाजायची: टक्, टप्. टक्, टप्. तुझ्या डाव्या बुटाचे पुढचे दोन खिळे पहिल्याच हंगामात गळाले आणि चार वर्षं तू ते बसवून घेतले नाहीस. मी ओरडायचो, "अरे गाढवा, घसरशील एक दिवस!" आणि तू म्हणायचास, "घसरलो तर समोरच्याच्या अंगावरच पडेन ना कोच, तेच तर काम आहे माझं." मग प्रत्येकानं दाराच्या लाकडी चौकटीवर बोटांच्या पेरांनी दोनदा ठोकायचं आणि बाहेर थंडीत पळायचं. दारावर नाही, चौकटीवर. ती रीत मी कुठून आणली, हे कुणालाच सांगितलं नव्हतं. आमच्या एकखोली शाळेत मिस ओडेगार्ड कविता सुरू करण्याआधी टेबलाच्या कडेवर अशाच दोनदा ठोकायच्या. तेवढ्यानं शेगडीजवळची पोरंसुद्धा गप्प व्हायची. मैदानावर जाताना पोरांच्या मनात तशीच शांतता यावी, असं मला वाटायचं. आली की नाही, देव जाणे.

इथं सगळं ठीक आहे. तळं डिसेंबरातच घट्ट गोठलं, आणि लोकांनी बर्फावर आपापल्या झोपड्या नेऊन भोकं पाडून मासे धरायला सुरुवात केली आहे. माझे गुडघे मला तिथवर नेत नाहीत. मी खिडकीत बसतो आणि पाठ केलेल्या कविता जुळवत राहतो. परवा नांगरणीची ती लांबलचक कविता म्हणायला घेतली आणि सातव्या कडव्यावर अडकलो. आठवतं तुला? परगावचा सामना हरून परत येताना मी ती बसमध्ये म्हणायचो आणि सगळे टोप्या तोंडावर ओढून झोपेचं सोंग घ्यायचे. तू एकटा मागच्या बाकावरून विचारायचास, "कोच, शेवटी त्याचं शेत नांगरून होतं की नाही?" दरवेळी तोच प्रश्न, दरवेळी तेवढ्याच काळजीनं. परवा मला उत्तर देता आलं नसतं. तुझी आई रविवारी चर्चमध्ये भेटली. मी हाक मारेपर्यंत तिनं मला ओळखलं नाही. लव्होनचे डोळे आता फार वेगानं चाललेत रे. माझा हात धरून म्हणाली, "कर्टिस इथं आला तर बरं होईल, एनार. अर्जाचं काही कळलं का तुला?" मी म्हणालो, थंडी फार वाढली आहे, पायऱ्या जपून उतर.

तुला नोकरी मिळावी म्हणून ती बाई रोज प्रार्थना करते, हे मला ठाऊक आहे. आणि ती कोणती नोकरी, तर माझी. एकोणतीस वर्षं मी कॉलेजच्या फुटबॉल संघाच्या बचावफळीचा कोच होतो. ती जागा सोडली तेव्हा सगळ्यांनी केक कापला, आणि भिंतीवर लावायला एक घड्याळ दिलं. माझ्या जागी आलेला माणूस दोन हंगामांत मोठ्या कॉलेजात निघून गेला, तेव्हा मला आतून बरं वाटलं होतं. खोटं कशाला सांगू? मग मुख्य कोच होल्कम घरी आला, माझ्या बायकोच्या, आर्डिसच्या हातचं बटाटा-खिम्याचं भाजलेलं हॉटडिश दोनदा वाढून घेतलं, आणि म्हणाला, "एनार, नवा माणूस निवडायला तू माझ्याबरोबर बस. ही जागा तुझ्याइतकी कुणाला कळते?" एक्केचाळीस अर्ज आले. त्यातून तिघं उरले. दोघांची नावं मला अनोळखी होती, तिसरं तुझं. मी आर्डिसला ओरडून सांगितलं, आपला कर्टिस! आणि ते ओरडतानाच पोटात कुठेतरी बारीक काटा मोडल्यासारखं झालं. तो काटा म्हणजे काय, हे मला मुलाखतीच्या दिवशी कळलं.

त्या दिवशी तू पांढऱ्या फळ्यापाशी उभा राहिलास. मी त्याच फळ्यासमोर एकोणतीस वर्षं उभा राहिलो होतो. तू आत आलास तेव्हा माझी नेहमीची खुर्ची रिकामी होती, आणि तू मला तिथं बसवलंस, अगदी हात धरून. म्हाताऱ्याला बसवतात तसं. संघातल्या तीन पोरांना आत बोलावलं होतं, त्यांना तू दहा मिनिटांत तुझी एक चाल शिकवायची होतीस. तू खुर्च्या सरकवल्यास, कचऱ्याच्या डब्याला प्रतिस्पर्धी केलंस, आणि ते तिघं सतरंजीवर पावलं टाकत चाल शिकले. टॅनर ब्रोस्टॅड त्यात होता. तो राक्षस माझ्या शेवटच्या वर्षात माझ्याशी चार वाक्यं बोलला असेल, त्यातली तीन "हो कोच" होती. तुझ्यासमोर तो हसला आणि म्हणाला, "अजून एकदा करू या ना!" अजून एकदा! निवड समितीत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाई होत्या, त्या माझ्याकडे वाकून हळूच म्हणाल्या, "मला खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण हा शिकवतो मात्र छान, नाही?" मग होल्कमनं तुला विचारलं, हे सगळं कुणाकडून शिकलास? तू हातावरची शाई पुसत अगदी सहज अलाबामातल्या कुणा माणसाचं नाव घेतलंस. त्याच्या हाताखाली दोन उन्हाळे काढले, म्हणालास. दोन उन्हाळे. मी कॉफीत साखर घातली आणि ढवळत बसलो. मी कॉफीत साखर घेत नाही, हे तुला माहीत आहे. तू माझ्याकडे पाहिलं असतंस, तर तुला कळलं असतं.

आता एक जुनी गोष्ट. तू शाळेतल्या पोरांना पहिल्यांदा शिकवायला लागलास तेव्हा इथं आला होतास, आणि आपण मागच्या पायरीवर बसून कणसं खात होतो. मी तुला आपल्या धंद्यातली एक खूण सांगितली होती. कुणी फोन करून एखाद्या कोचबद्दल विचारलं, तर पहिलं वाक्य त्याच्या खेळाबद्दल हवं. "त्याची पोरं धडक मारतात", "समोरच्यांच्या तिसऱ्या प्रयत्नालाही त्याची पोरं मागे हटत नाहीत", असं काही. पहिलं वाक्य जर "माणूस चांगला आहे" असं आलं, तर समोरचा आभार मानतो, फोन ठेवतो आणि यादीतलं नाव खोडतो. कुणी खोटं बोलत नाही, कुणाचं वाईट होत नाही, आणि माणूस मात्र संपतो. तू किती हसला होतास! कणसाचे दाणे नाकात गेले तुझ्या. म्हणालास, "मग कोच, माझ्याबद्दल कधी चांगलं बोलू नका हं, एवढी कृपा करा."

तू तुझ्या योजनेची जी वही समितीला दिली होतीस, ती मी घरी आणून फ्रिजवर टाकली. वर बियाणांचा कॅटलॉग ठेवला. आठ दिवस हात लावला नाही. आर्डिसनं एकदा कॅटलॉग उचलून गरम भांडं वहीवरच ठेवलं, तर मुखपृष्ठावर गोल डाग पडला आहे, त्याची माफी ती स्वतः मागेल. काल सकाळी ती वही माझ्यापुढे आपटून म्हणाली, "उघडून तरी बघ. कर्टिसनं लिहिली आहे, चावणार नाही." मी पेन्सिल घेऊन बसलो. मला चुका हव्या होत्या. तेरा पानं झाली तरी एक मिळाली नाही. आणि माझं नावही कुठे नव्हतं, तेही मी शोधत होतो. चौदाव्या पानावर चूक मिळाली. मैदानाच्या रुंद बाजूला, कोपऱ्यातल्या खेळाडूला तू एक पाऊल पुढे उभा केला होतास. मी जन्मभर त्याला एक पाऊल मागे ठेवत आलो. पेन्सिलनं फुली मारली आणि बाण उलटा काढला. मग तो बाण कुठे जातो, हे बघायला कागद घेतला आणि तुझ्या शेवटच्या वर्षीचा शेवटचा सामना मांडला. तोच, जो आपण शेवटच्या मिनिटाला त्या कोपऱ्यातून हरलो. ते पोर चेंडू बगलेत मारून कडेनं पळालं, तू धावलास, पडलास, आणि ते निसटलं. मी सगळ्यांसमोर तुझा बूट उचलून दाखवला होता. "दोन खिळे! दोन खिळ्यांपायी हंगाम गेला!" तू मान खाली घातलीस. मी तो प्रसंग गेली सोळा वर्षं मेजवान्यांमध्ये विनोद म्हणून सांगतो, आणि तू तिथं असलास तर तूही हसतोस. काल मी तो सामना कागदावर सहा वेळा खेळलो, कर्टिस. माझ्या पद्धतीनं उभं राहिलं तर तिथं कुणीच वेळेवर पोचत नाही. नवे कोरे खिळे असले तरी नाही. तुझ्या पद्धतीनं उभं राहिलं तर ते पोर दोन यार्डांत आडवं होतं. तू घसरला नव्हतास. मी तुला चुकीच्या जागी उभं केलं होतं. आणि हे तुला केव्हापासून ठाऊक आहे कोण जाणे, तू कधी बोलला नाहीस.

मी ती फुली खोडली. खोडल्याचं दिसतं, पण खोडली.

काल दुपारच्या टपालानं तुझं आभाराचं कार्ड आलं. मुलाखतीनंतर सगळेच पाठवतात, पण बाकीच्या दोघांनी दोन ओळी पाठवल्या आणि तू पाठपोट लिहिलंस. "निकाल काहीही लागो, कोच, तुम्ही माझ्यासाठी शब्द टाकला असणार हे मला माहीत आहे. तेवढं पुरे आहे." ते वाचून मी कार्ड पालथं ठेवलं. आर्डिसनं उलटं करून वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "काय शब्द टाकलास रे तू?" म्हणून हे पत्र. मुलाखतीच्या संध्याकाळी तू गाडीत बसून निघून गेलास, आणि होल्कम लेखणी उघडून म्हणाला, तू त्याला अठराव्या वर्षापासून ओळखतोस, बोल. मी म्हणालो, "कर्टिस? फार चांगला माणूस. आईला जपतो. चर्चमध्ये गातो." आणि खिडकीबाहेर बघत बसलो. होल्कम थांबला. मग त्यानं लेखणीला टोपण लावलं आणि म्हणाला, "बरं." मी एक अक्षर खोटं बोललो नाही, हेच मी आठ दिवस स्वतःला ऐकवतो आहे. आर्डिसला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे जिवंतपणी त्याच्या थडग्यावर फुलं ठेवलीस." आज सकाळी मी होल्कमला फोन लावला. पहिलं वाक्य खेळाबद्दल बोललो: त्याचा बचाव माझ्यापेक्षा चांगला आहे. मग बाकीचं, चौदाव्या पानासकट. त्यानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "एनार, मी काल दुसऱ्याला विचारून बसलोय. तो शुक्रवारी सांगणार आहे. नाही म्हणाला तर बघू." मी म्हणालो, मी समितीसमोर येऊन सांगतो, काय म्हणशील ते करतो. त्यानं विचारलं, "कर्टिसला सांगितलंस हे?" मी म्हणालो, नाही. "मग आधी ते कर," म्हणाला, आणि फोन ठेवला. मला हेवा वाटला, कर्टिस. अलाबामाच्या त्या माणसाचा वाटला, टॅनरच्या हसण्याचा वाटला, आणि सगळ्यांत जास्त तुझा, कारण तू माझ्याजवळून निघून माझ्यापुढे गेलास. पोराचं असं व्हावं म्हणून तर शिकवतात, हे मला मिस ओडेगार्डनी सांगायला हवं होतं. शुक्रवारी काय होईल, मला माहीत नाही. तुझ्या आईला मी काय सांगू, तेही माहीत नाही. पाकिटावर तिकीट लावून ठेवलं आहे, आता फक्त तुझा डकोटाचा पत्ता

थांब. कुणीतरी ठोकलं. आर्डिस चर्चमध्ये गोधड्या शिवायला गेली आहे आणि तिच्याकडे किल्ली असते. पुन्हा ठोकलं. दारावर नाही रे, चौकटीवर. दोनदा. खिडकीतून डकोटाच्या नंबरपाटीची गाडी दिसते आहे, चाकांना वाटभरचा बर्फ चिकटलेला. पायरीवर तू आहेस, टोपी हातात घेतलेली, बूट आपटतो आहेस. आईकडे आला असशील, की आभार मानायला आलास? ते दुसरं नसावं, एवढंच मागतो. तोंडानं सांगायची हिंमत माझ्यात नाही, म्हणून हे कागद तसेच तुझ्या हातात देतो आणि कॉफी ठेवायला आत जातो. सावकाश वाच. शेवटपर्यंत वाचून झाल्यावर तुला बसावंसं वाटलं, तर त्या शेताचं पुढं काय झालं ते आपण दोघं मिळून आठवू. नाही वाटलं, तर दार मी ओढून घेतलेलं नाही.

उठतो.

तुला चुकीच्या जागी उभं करणारा, तरीही तुझाच,
एनार टॉलेफसन