भिंतीतलं पोस्ट

अत्तार गल्ली, धाराशिव
गुरुवार, ९ जानेवारी २०२५

सौ. कस्तुराबाईस,

पस्तीस वर्षांच्या संसारात तुझं नाव मी उखाण्यातसुद्धा पुटपुटून घेतलं, आज पाकिटावर ठळक लिहावं लागलं. इकडं सगळं खुशाल आहे असं लिहायचा रिवाज आहे, म्हणून लिहिलं. हे पत्र राजेश्वरीला वाचायला देऊ नकोस. चष्मा लावून तूच वाच.

आधी हिशोब. न्हाणीच्या गुळगुळीत फरशीला खरं काय लागलं, ते काल मांडलं. फरशी नऊ हजार चारशे. सिमेंट-वाळू अडीच हजार. बसप्पा मिस्त्रीची मजुरी चार हजार. टेम्पो तीनशे. जुनी शहाबादी उखडून बाहेर टाकायचे आठशे. झाले सतरा हजार. तुझ्या मांडीच्या हाडाचं ऑपरेशन यात धरलेलं नाही. आणखी एक गोष्ट धरलेली नाही. ती पुढं लिहीन, हिंमत झाली तर.

फोन केला की राजेश्वरी म्हणते, "अप्पा, आई झोपलीय." सकाळी दहाला झोपलीय, संध्याकाळी सातला झोपलीय. अगं, ईट गावाहून आलो तेव्हा एक पक्कड आणि हे दोन कान एवढंच माझं भांडवल होतं. रस्त्यावरून जाता जाता मळ्यातल्या मोटरीचं बेरिंग गेलंय की वायंडिंग जळतंय, हे मी आजही सांगतो. मग फोनमागं तुझी काठी टकटक करत आतल्या खोलीकडं निघाली, हे मला कळत न्हाय व्हय?

परवा जावईबापूंनी मेसेज टाकला. "आई परत यायचं नाही म्हणतात. म्हणतात, तिथं माझं ऐकतंय कोण." माझं डोकंच फिरलं. दुकान बंद करून घरी आलो आणि भिंतीलाच सुनावलं, "पस्तीस वर्षं तुझंच ऐकत आलो की!" भिंत काय बोलणार. दुपारी भाकरी करपली, ती तशीच खाल्ली.

तिकडं लेकीच्या अकराव्या मजल्यावर तुला काय दिसतं ते मी बघून आलोय. समोरचा अकरावा मजला. इथं दाराबाहेर पाऊल टाकलं की भाजी मंडई, दवाखाना पाच मिनिटांवर, एसटी स्टँडला चालत जावं. बायपासच्या पलीकडं प्लॉट घेणाऱ्यांनी जन्मभराचे हप्ते डोक्यावर घेतले. आपण चौऱ्याण्णव साली अठ्ठ्याण्णव हजारांत दगडी भिंतीचं घर घेतलं, तेही मंडईला खेटून. तू दारात उभी राहून म्हणालीस, "लई अंधार हाय हो." मी छाती काढून म्हणालो होतो, "अगं, या गल्लीत नुसता तांब्या पडला तर तीन घरं विचारतात, काय पडलं म्हणून!"

आता या गल्लीचं काय झालंय ते ऐक. सकाळी सहालाच टेम्पो येऊन उभा. वर हमाल ओरडतो, "काका, गाडी काढा, माल उतरायचाय." मी म्हणालो, "माझ्या दारात माझी गाडी, आणि मीच काढू?" तर म्हणतो, "काका, आता इथं राहतंय कोण? समदी गोदामंच हायत." समोर कापडाचं गोदाम, कोपऱ्यावर प्लास्टिकच्या खुर्च्यांचं. अख्ख्या गल्लीत स्वैपाक होणारी घरं चार उरली, आणि त्यातलं एक आपलं, म्हणजे करपलेलं. कधी नव्हं ती गटार खणून ठेवलीय, बुजवायला कुणी येत नाही. बसप्पा रोज विचारतो, "वैनी कधी येणार?" मी रोज सांगतो, "संक्रांतीला." संक्रांत मंगळवारी आहे.

बरं, आता ते लिहितो.

न्हाणीच्या बाजूच्या भिंतीत तो आरपार कोनाडा होता. तू आणि शेजारच्या चंद्रप्रभाताई त्याला पोस्ट म्हणायच्या. इकडून विरजण जायचं, तिकडून ताकाची कढी यायची, संक्रांतीचं वाणसुद्धा तुम्ही त्यातूनच लुटलंत. त्यांचे मास्तर गेल्यावर ताई दारात फारशा येईनात, पण पोस्ट सुरू होतं.

गेल्याच्या गेल्या दिवाळीत मी अंगणात दाढी करत होतो. पोस्टातून ताईंचा आवाज आला, "कस्तुरा, स्वानंद म्हणतो घर वीक आणि लातूरला ये. माझा जीव होत नाही गं. कुणाला बोलू नकोस." तू म्हणालीस, "देवाशप्पथ न्हाय बोलत."

तू बोलली नाहीस. मी बोललो.

वाशीचा रणधीर खतवाला गोदामासाठी जागा शोधत होता. दुसऱ्याच दिवशी त्याला सांगितलं, "बाई अजून कच्ची आहे, पण पोरगा पक्का आहे. पोराला गाठ." त्यानं स्वानंदच्या हातात विसार ठेवला, आणि ताईंना ठरवायला वेळच मिळाला नाही. त्या गेल्या तेव्हा तू दहीसाखरेची वाटी घेऊन दारात उभी होतीस आणि त्या तुझ्याकडं न बघता रिक्षात बसल्या. तू आठ दिवस मला विचारत होतीस, "माझं काय चुकलं हो?" मी म्हणायचो, "बामणाघरचं मन, आपल्याला काय कळणार." किती सहज म्हणायचो.

रणधीरनं मला वीस हजार दिले. सतरा न्हाणीत गेले. उरलेल्या तीन हजारांची तुला साडी आणली. तिची घडी तू अजून मोडलेली नाहीस. तेव्हाच तुला वास आला होता का गं?

मग खताचा उग्र वास येतो म्हणून तूच एकदा नाक मुरडलंस, आणि मला निमित्त मिळालं. पोस्ट विटांनी बुजवलं, वरून चकचकीत फरशी. बसप्पा म्हणाला होता, "अप्पा, न्हाणीत ही घसरती. खालची शहाबादी राहू द्या." मी म्हणालो, "तू फरशी बसव, अक्कल नको."

पडलीस त्या दिवशी तू सकाळी नऊ वाजता घसरलीस. मी जेवायला दुपारी एक वाजता आलो.

हे सगळं सोमवारी मी लातूरला फोन करून चंद्रप्रभाताईंना सांगितलं.  त्या म्हणाल्या, "कल्याणप्पा, हे मला कशाला सांगता? जिच्याशी मी वर्षभर अबोला धरला, तिला सांगा." म्हणून हे पत्र. तुझा नंबर त्यांनी मागून घेतलाय. त्यांचा फोन आला तर झोपू नकोस.

काल बसप्पाला बोलावून न्हाणीतली फरशी काढायला लावली. जुनी शहाबादी परसात पडली होती, तीच पुन्हा बसवतोय. भिंतीवरची फरशी काढायला त्याच्याशेजारी खाली बसलो तेव्हा दिसलं. तुझ्या हाताच्या उंचीवर, खाली बसलेल्या माणसाच्या हाताच्या उंचीवर, टवके उडालेत. एकाच जागी, पंधरा-वीस. मग फळीवरचा तांब्या काढून बघितला. काठाला पोचा आलाय. मी तो रोज वापरत होतो आणि मला वाटत होतं, पडताना आला असेल.

बसप्पा म्हणाला, "पोस्ट परत फोडू का?" मी त्याला थांब म्हणालो. तांब्या त्याच्या हातात दिला, न्हाणीत खाली बसवलं आणि म्हणालो, "मी तिकडं गेलो की भिंतीवर वाजव. जोरात." रणधीरच्या माणसाकडून कुलूप काढून घेतलं आणि ताईंच्या स्वैपाकघरात जाऊन उभा राहिलो. जिथं त्यांची चूल होती तिथंच. खालपासून आढ्यापर्यंत खताची पोती आहेत. मधल्या फटीत शिरून भिंतीकडं कान केला, डोळे मिटले, मोटरीपाशी मिटतो तसे.

तुला ये म्हणायला मला तोंड नाही, म्हणून म्हणत नाही. साडी राजेश्वरीला दे, नाहीतर फडकी कर.

परत आलो तर बसप्पा घाम पुसत होता. म्हणाला, "अप्पा, वीस डाव वाजवला. किती ऐकू आले?"

एकही नाही.

कल्याणप्पा