मशीन थांबवलं तेव्हा

धाकट्या,

नवा सुरक्षा कायदा आल्यापासून आपल्या शिलाईच्या दुकानात रोज वाद रंगायचा. शेजारचे गुरुजी बोलायला लागले की मी मुद्दाम मशीन जोरात चालवायचो, बाहेर काही ऐकू जाऊ नये म्हणून. त्या दिवशी तूच म्हणालास, "दादा, थांबव ना ती खडखड, गुरुजींचं नीट ऐकू दे की!"

मला केवढं बरं वाटलं! म्हटलं, पोराला अक्कल आली. मी पाय थांबवले.

गुरुजी म्हणाले, "नुसता प्रश्न विचारला तरी आत टाकणारा कायदा चोरांसाठी नसतो रे, आपल्यासाठी असतो."

काल पोलीस ठाण्यात गुरुजींना नि मला समोर बसवून साहेबांनी तेच मोबाइलवर वाजवलं. आधी माझं मशीन, मग तुझा आवाज, मग गुरुजी. तुझा आवाज तेवढा कापायचा राहिला बघ. गुरुजी माझ्याकडे पाहून हसले. "धाकट्याला विचार, नीट ऐकू आलं ना सगळं?"

त्यांना जामीन नाही. आईला मी काही बोललेलो नाही. हे पत्रही टाकणार नाही. तू ते कोणाला नेऊन दाखवशील, याचा आता भरवसा वाटत नाही.

तुझ्या एका शब्दावर मशीन थांबवणारा,
दादा