हॉकरिगचं टोकन

३ मे
राजवाड्यातून पत्र. १४ जूनला डचेस आमच्या वाफेच्या गाडीने हॉकरिग ते मूरएंड प्रवास करणार. साडेचार मैल. अठ्ठावीस वर्षं मी या स्टेशनवर फुकट राबतोय (एन. टिपलेडी, स्वयंसेवक स्टेशनमास्तर). शेवटी लंडनने दखल घेतली. पत्रात माझं नाव नाही. राजघराण्यात अशा गोष्टी उघड लिहीत नाहीत.

५ मे
कमिटीची मीटिंग. प्लॅटफॉर्मवर आठ जण रांगेत उभे राहणार, डचेस प्रत्येकाशी हात मिळवणार. मी आठवा. म्हणजे शेवटची छाप माझी. शिवाय ड्रायव्हर रॉयच्या हातात टोकन, म्हणजे गाडी सोडायचा परवाना, मी द्यायचं, बाईंच्या डोळ्यांदेखत.

प्रत्येकाला जोडीदार आणायची मुभा आहे. अध्यक्षीण पॉलीनला सांगितलं, मॅव्हिसला जमणार नाही, गुडघा दुखतो. तो दुखत नाही. पण आमची ही बोलायला लागली की थांबत नाही, आणि मोठ्या लोकांचा वेळ मोजका असतो. तिच्या भल्यासाठीच केलं.

६ मे
मॅव्हिसला म्हटलं, राजवाड्याने माणसं कमी केली. म्हणाली, बरं. समजूतदार बाई. टोपी मात्र आधीच आणून बसली होती. निळी, पिसाची. परत कर म्हटलं, तर म्हणाली दुकानदार परत घेत नाही. मी चौकशी केली. घेतो.

२१ मे, रविवार
मी चहा घेत होतो. रॉय खिडकीशी आला. म्हणाला, टोकन टेबलावर दिसतंय ना, मग निघतो. मी म्हटलं, 'हातात आल्याशिवाय नाही.' लाइन एकेरी. टोकन एकच, पितळी कड्यांचा हातभर लांब दांडका. ते ज्याच्या हातात, त्याचीच गाडी लाइनीवर. नियम कोणासाठी वाकत नसतो. चहा सावकाश संपवला, मग दिलं. बावीस मिनिटं. डब्यात पोरं रडत होती. रॉयने टोपी काढून मला मुजरा केला. माझ्याबद्दलचा आदर वाढतोय.

२ जून
कपाटाच्या आरशासमोर वाकायची प्रॅक्टिस. वाक्य पाठ: 'मॅम, ही लाइन माझ्या हातात सुरक्षित आहे.' मॅव्हिस दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, पोट आत घे. मत्सर. मी समजू शकतो.

१३ जून, संध्याकाळी ५.३०
टोकनाच्या कड्या काळ्या पडल्यात आणि स्टेशनवरचं पॉलिश संपलं. टोकन घरी आणलं. भिंतीवर लाल अक्षरांत पाटी आहे: टोकन स्टेशनबाहेर नेऊ नये, सही एन. टिपलेडी. पण तो नियम निष्काळजी लोकांसाठी आहे.

मॅव्हिस म्हणाली, तुझं ते लाटणं माझ्या टेबलावरून उचल. तासभर घासलं. तोंड दिसतंय त्यात. टॉवेलात गुंडाळून एका अगदी सुरक्षित जागी ठेवलंय.

१४ जून, सकाळी ६.००
यादी तपासली. टोपी, शिट्टी, झेंडा, पांढरे हातमोजे, वाक्य. सगळं बरोबर. निघतो.

१०.५२
दिव्यांच्या खोलीत लपून लिहितोय. बाई रांगेत सहाव्या माणसापर्यंत आल्या. छान हसतात. मी टोकनासाठी काखेत हात घातला. काख रिकामी. अंगाला दरदरून घाम. रांग सोडून पळालो. लोकांना वाटलं असेल, काहीतरी महत्त्वाचं काम निघालं.

घरी फोन केला. मोटार मीच आणलेली, तरी मॅव्हिसला म्हटलं, काहीही करून टोकन घेऊन ये. सगळं सांगितलं. राजवाड्याने माणसं कमी केली नव्हती, हेही तोंडातून निघून गेलं. मग म्हणाली, 'आणते. आधी टोपी घालते.'

११.१५
डचेस डब्यात बसून आहेत. दुसरा चहा झाला. पॉलीनने रॉयच्या हातापाया पडून पाहिलं: लाइनीवर दुसरी गाडीच नाही, ने ना. रॉयने हाताची घडी घातली आणि माझ्याकडे बघत म्हणाला, 'हातात आल्याशिवाय नाही.' काही माणसांना तारतम्य म्हणून नसतं. बंदोबस्ताच्या साहेबाने मला विचारलं, हा घातपात आहे का? मी म्हटलं, पॉलिश.

११.३४
शेजारच्या मेंढपाळाच्या जीपमधून मॅव्हिस उतरली. मागे कुत्रा. पायात बागेतले बूट, डोक्यावर निळी टोपी. मी दोन्ही हात पुढे केले. ती मला ओलांडून गेली आणि टोकन थेट रॉयला दिलं. रॉयने तिलाही मुजरा केला, पण तो वेगळा वाटला.

तेवढ्यात डचेसने खिडकीतून विचारलं, गाद्यांवरचं हे भरतकाम कोणाचं? सगळ्या प्लॅटफॉर्मने मॅव्हिसकडे बोट केलं. बावीस वर्षं ती गाद्या शिवतेय, खरं आहे. माझ्या लक्षात नव्हतं. बाईंनी तिला आत बोलावलं. गाडी सुटली. हिरवा झेंडा मी दाखवला. अगदी नियमाप्रमाणे.

१५ जून
पेपरात फोटो. डचेस आणि मॅव्हिस खळखळून हसताहेत. कोपऱ्यात माझा झेंडा. काठीसकट.

१८ जून
कमिटी. रॉयने सुचवलं, मला मोटारींच्या पार्किंगवर नेमावं. ठराव एकमताने पास. इतका पाठिंबा मला आजवर मिळाला नव्हता. शेवटी पार्किंगवरचा माणूसच पाहुण्यांना आधी दिसतो.

१९ जून
पाच दिवस धीर धरला. आज जेवताना सहज विचारलं, जाऊन-येऊन पाऊण तास गप्पा मारल्यात, माझा काही विषय निघाला का?

मॅव्हिसने बटाटा वाढला. म्हणाली, 'निघाला की. त्यांनी विचारलं, तो घामाघूम झालेला गृहस्थ कोण?'

मी म्हटलं, मग तू काय सांगितलंस?

'म्हटलं, कल्पना नाही. इथेच कुठेतरी असतो.'