सामाईक भिंत

१२ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

तुझी खुशाली कळली, बरं वाटलं. मीही ठीक. मिस्त्रींशी फोनवर बोललीस आणि सगळं डोक्यावरून गेलं म्हणतेस, म्हणून लिहायला बसले. आधीच सांगते, तुझ्या संसाराबद्दल यात एकही सूचना नाही.

जोतं म्हणजे जमिनीपासून फरशीपर्यंतचा उंचवटा. बाहेरचं पाणी आत शिरू नये म्हणून तो करतात. आपली दोन्ही घरं एकमेकांना लागून बांधतोय, म्हणून त्यांचं जोतं एकच आहे. कॉलम म्हणजे उभे खांब आणि बीम म्हणजे त्यांना जोडणाऱ्या आडव्या तुळया. दोन्हींच्या पोटात लोखंडी सळया असतात. स्लॅबचा भार तेच घेतात, विटांच्या भिंती नुसती मधली जागा भरतात. मला आजवर वाटायचं, घर भिंतींवर उभं असतं. मिस्त्री पोट धरून हसले.

स्लॅब ओतला की त्यावर पाणी साठवून ठेवायचं, त्याला क्युरिंग म्हणतात. ओलं राहिलं तरच काँक्रीट घट्ट होतं. ते पाणी मी स्वतः मारलं. कामगार वैतागले, पण माझा स्वभाव तुला ठाऊक आहे.

ठाऊक आहे म्हणूनच, दोन घरांमध्ये एक दार ठेवू या असं मी म्हटल्यावर तू म्हणालीस, "ताई, तू न विचारता आत येतेस, पातेल्यांवरची झाकणं काढून बघतेस, माझं कपाट लावून टाकतेस. मधल्या भिंतीत दार असेल तर मी तिथे राहायलाच येणार नाही." मला असा राग आला! झाकण काढल्याशिवाय भाजी करपतेय हे कळणार कसं? बरेच दिवस मी मनातल्या मनात तुझ्याशी भांडत होते.

पण दार मला तुझ्या स्वयंपाकघरासाठी नको होतं गं. तुझे भावजी गेल्यापासून मला घरात एकटीला भीती वाटते. छातीत कळ आली तर अंगणाला वळसा घालून तुझ्या दारापर्यंत पोचेन का, हाच विचार येतो. हे तोंडावर सांगता आलं नाही. लहानपणापासून घाबरायचं काम तुझं आणि तुला हसायचं माझं.

परवा ती भिंत दाराच्या उंचीला आली. दार-खिडकीच्या वर काँक्रीटची आडवी पट्टी घालतात, तिला लिंटेल म्हणतात. वरच्या विटा ती पेलते, म्हणून खालची जागा मोकळी ठेवता येते. मी मिस्त्रींना म्हटलं, इथे मधोमध एक लिंटेल घाला.

"बाई, दारच नाही तर लिंटेल कशाला?"

"घाला तुम्ही. खालच्या विटा राहू देत."

त्यांनी कपाळावर हात मारला, पण घातलं.

तेव्हा भिंत तू म्हणालीस तशी सलगच आहे. दोन्हीकडून गिलावा, म्हणजे प्लास्टर झालं की लिंटेल दिसणारही नाही. मात्र कधी तुला वाटलंच, तर खालच्या विटा काढता येतील, वरची भिंत जागची हलणार नाही. फोडायचं झालं तर तुझ्या बाजूने, आणि कडीही तुझ्याच बाजूला. नाही वाटलं तर राहू दे तशीच. तू मात्र ये. पलीकडे तुझी भांडी वाजलेली ऐकू आली, तरी मला झोप लागेल.

यापुढे दार वाजवून, 'ये' म्हणेपर्यंत बाहेर थांबणारी,
तुझी ताई