तळघरातली आखाजी

धुळे,
२ एप्रिल १९९३

प्रिय कुंदे,

तुझं पत्र परवा मिळालं. ताईबाईचं लग्न ठरलं, मुलगा साक्रीचा, शाळेत मास्तर आहे, हे वाचून मी देवापुढे साखर ठेवली. मग पुढची ओळ वाचली. अक्का, तू ये, पण एकटीच ये, त्यांना आणू नको. ती ओळ मी यांना वाचून दाखवली नाही. आपल्याला भाऊ नाही, म्हणून अंतरपाटाच्या वेळी तुझ्या पोरीच्या मागे मामा म्हणून मीच उभा राहणार, असं हे ती पाळण्यात असल्यापासून सांगत आलेत. लग्न ठरल्याचं कानावर पडलं आणि बाजारातून नवी टोपी घेऊन आले. ती खुंटीवर आहे. मला तिकडे बघवत नाही.

तो पाळणा आठवतो का गं? आई गेलेली, म्हणून तुझं बाळंतपण इथंच माझ्याकडे झालं. वैशाखात वर पंखासुद्धा गरम वारा फेकायचा. मग भुईमुगाच्या बियाण्याची पोती एका अंगाला सारून आपण तळघरात पाळणा बांधला. दुपारभर तू खाली लोळत बडबडायचीस आणि मी शेंगा फोडत ऐकायची. तेवढं सुख मला नंतर कधी मिळालं नाही, हे खरंच सांगते.

त्याच तळघराचा बार झाला. झुलालशेठनी घरात गुत्ता काढला, असं गल्ली यांच्या नावानं बोलते, तूही बोलतेस. पण बाई, ती अक्कल माझी होती. हे आग्रा रोडच्या ढाब्यांवर बसायचे. एकदा पांझरेच्या पुलावर स्कूटर कठड्याला धडकली, थोडक्यात वाचले. मी म्हटलं, प्यायचीच असेल तर माझ्या डोळ्यांदेखत प्या. धनसिंग सुताराला मीच बोलावलं. सनमायकाचं काउंटर, चार उंच स्टुलं, भिंतीला हिरवा रंग. पाळण्याच्या कडीला लाल दिवा टांगला, तोही मीच. हौस मेली! आखाजीच्या, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर नारळ फोडायचा ठरला.

त्या आखाजीला तू माहेराला आली नाहीस, सासूबाईंचा पाय मोडला होता. जीवरामभाऊंना तू एकटंच भुसावळहून पाठवलंस, तुझ्या हातच्या सांजोऱ्यांचा डबा देऊन. खाली उतरले, सगळं निरखून पाहिलं, माझं कौतुक केलं आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर मांडीवर हात ठेवून बसले. यांनी ग्लास पुढे केला तर नको म्हणाले. यांनी मुळीच ताणलं नाही. राहू दे, ते सोडा पितील, असं म्हणून ग्लास बाजूला ठेवला. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं.

तो ग्लास मी उचलला, कुंदे. सणाला आलेला जावई रिकाम्या हातानं बसला तर तुझ्या माहेराची शोभा काय, हे एक डोक्यात होतं. आणि भीती होती. जीवरामभाऊ उठून वर गेले तर हेही उठतील, स्कूटर काढतील, परत तोच पूल. मी म्हटलं, "आमच्या घरचा मान आहे भाऊ, सणाच्या दिवशी परत करू नका." त्यांनी मांडीवरचा हात पुढे केला. मग हळूच म्हणाले, "अक्का, तुम्ही सांगतस म्हनीसन लेस." मी सांगितलं म्हणून घेतला त्यांनी तो ग्लास.

पुढचं सगळं तू भोगलंस. दीड वर्षात माणूस संपला. त्यांनी तुला माझं नाव कधी सांगितलं नाही, एवढे ते मोठे. दहाव्याला नदीवरून आल्यावर तू चारचौघांत यांना म्हणालीस, "तुमच्या तळघरानं माझं घर खाल्लं." मी तुला धरून उभी होते. यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. घरी येऊन कुऱ्हाडीनं काउंटर फोडलं. त्या दिवसापासून एक थेंब नाही. मला एका शब्दानं बोलले नाहीत. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी भित्री आहे गं, पहिल्यापासूनच.

आणि एक आहे, त्याच्यासाठीच हे लिहायला बसले. तेराव्याला तू मला विचारलंस, आखाजीच्या आधी मी एक कार्ड टाकलं होतं, ते पोचलं नाही का? मी म्हटलं, नाही गं, टपालाचा काय भरवसा. ते पोचलं होतं. दोन दिवस आधीच. तू लिहिलं होतंस, त्यांनी ताईबाईच्या डोक्यावर हात ठेवून दारू सोडली आहे, आठ महिने झाले, अक्का, तेवढं सांभाळ, आग्रह होऊ देऊ नको. मी वाचलं आणि पिठाच्या डब्यामागे ठेवलं. नारळाच्या घाईत यांना कशाला सांगायचं, म्हटलं. यांना आजही त्या कार्डाचं माहीत नाही. चार वर्षं ते मी जपलं, आता या पाकिटात घातलंय. लग्नाला एकालाच बोलवायचं असेल तर यांना बोलव. मी इथं घर राखीन.

तुझीच, असं लिहू देशील तर,
पुष्पाअक्का