घेतलं म्हणेपर्यंत

बाबा, काल मी एका अनोळखी म्हातारीला टेम्पोतून लोधीखेड्याला पोचवून आले, आणि तिथं एका दारात उभी असताना तुमचं वाक्य माझ्या तोंडून निघालं. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली. इतक्या वर्षांत मी कधी तुम्हाला लिहिलं नाही, कारण गेलेल्या माणसाला लिहिणं मला रिकामपणाचं काम वाटतं. पण काल रात्रभर आणि आज सकाळपासून मनात तुमच्याशी बोलणं चालू आहे. तेव्हा लिहून संपवलेलं बरं.

ती म्हातारी दिवाळीपासून आमच्या गल्लीतल्या कापड दुकानाच्या पायरीवर बसायची. मागायची नाही, नुसती बसायची. कोणी दिलं तर खायची. दुकान नवीन करून आता त्याचं उद्घाटन होतं आणि पायरीवर म्हातारी नको होती. दुकानदार माझा जुना विद्यार्थी. मी भाजी घेऊन परतत होते, तर तो तिला मालाच्या टेम्पोत चढवत होता. मी विचारलं, कुठं नेतोस?

"वरुडकडं, मॅडम. बॉर्डरच्या पलीकडं सोडून देतो. थे तिकडचीच हाय."

"कोणी सांगितलं?"

"बोलण्यावरून समजते ना."

"तुझी आई कशी बोलते?"

ड्रायव्हर तोंड फिरवून हसला. आपल्या भागात बोलण्यावरून माणसाचं राज्य ओळखणारा हा पहिलाच. पांढुर्णं हिंदी राज्यात असलं, तरी इथं मराठी बोलणाऱ्याला पलीकडचा ठरवायचं, तर अर्धं गाव टेम्पोत घालावं लागेल.

"कोणाच्या हवाली करणार आहेस?" मी विचारलं.

"हवाली काय, बसस्टँडवर चांगल्या सावलीत उतरवून देऊ. बिस्किटाचा पुडा बी देला. मारून-गिन थोडी राहिलो कोणी."

"अकरावीत मी तुला काय शिकवलं होतं?"

तो जरा आठवून म्हणाला, "इंग्लंडचे भिकारी. पण परीक्षेत आले नव्हते, मॅडम."

तो धडा तुम्ही माझ्याकडून वर्गाच्याही आधी ऐकला होता. मी कॉलेजात होते, सुट्टीत घरी आले होते. आई चुलीपुढं भाकरी थापते आहे, तुम्ही गावची राखण करून येऊन कोटवारकीचा बिल्ल्याचा पट्टा खुंटीला अडकवून भिंतीला टेकून बसला आहात, आणि मी नव्या शहाणपणानं फुगून सांगते आहे. चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी इंग्लंडात जमीन सुटलेली, काम सुटलेली, लढाईवरून परतलेली माणसं रस्त्याला लागली. सरकारनं त्यांचे दोन गट पाडले. आंधळा, लंगडा, म्हातारा असेल तर त्याला भीक मागायचा परवाना. पुढं गावातल्या लोकांकडून पट्टी गोळा करून त्याला थोडी मदत, आणि मदत घेतो म्हणून कपड्यावर बिल्ला. धडधाकट असेल तर तो आळशी, आणि आळशी म्हणजे गुन्हेगार. त्याला गाडीच्या मागं बांधून उघड्या पाठीवर रक्त निघेपर्यंत फटके. एका कायद्यात तर उजव्या कानातून तापलेली सळई. मग हातात कागद द्यायचा, की इतक्या दिवसांत जन्मगावी पोच. लंडनमध्ये राजाचा जुना महाल अशा लोकांना कामाला जुंपायला सुधारगृह म्हणून दिला होता. आणि कित्येकांना एका गावचा शिपाई पुढच्या गावच्या शिपायाच्या ताब्यात देत देत जन्मगावापर्यंत ढकलायचा.

तुम्ही सगळं ऐकून घेतलं आणि पहिलं काय विचारलं, तर "त्या कोटवाराले पगार किती?"

मी सांगितलं, काही नाही. गावातल्याच माणसांवर आळीपाळीनं ते काम यायचं.

"बिनपगारी? मंग तो मारनच ना. राग कोठी काढन बिचारा?"

आई हसली. मग मी सांगितलं की गावं एकमेकांशी भांडायची, हा आमचा नाही म्हणून. गरोदर बाई आली तर तिला घाईघाईनं शिवेबाहेर काढायची, कारण मूल जिथं जन्मेल त्या गावाच्या बोकांडी बसेल. आईचा हात थांबला. "मंग पोर कोठी झालं?" ती म्हणाली. मी म्हटलं, पुस्तकात तसं काही दिलेलं नाही. "पाहून सांग," ती म्हणाली आणि भाकरी उलटली. मी परत जाऊन पाहिलं. नव्हतं. नोकरीला लागल्यावर दर वर्षी हा धडा शिकवताना मी वर्गाला आईचा प्रश्न विचारला. मुलं पुस्तकाची पानं उलटून शोधायची. त्या शोधण्यानं माझं शिकवणं झालं, बाबा. त्याचं श्रेय मी कधी कोणाला सांगितलं नाही, पण ते आपल्या चुलीचं आहे.

तुम्हालाही हेच काम होतं. गावात कोणी भटका, वेडसर, परका माणूस येऊन पडला की पटेल, म्हणजे गावचा पाटील, म्हणायचा, याले शिवेबाहेर काढ. तुम्ही त्याला आधी आपल्या घरी आणायचे. आई कुरकुरायची, "पटलाच्या घरी चूल नाई का?" आणि कुरकुरत वाढायची. मग तुम्ही त्याच्या चालीनं चालत शिवेपर्यंत जायचे. एकदा मी हट्टानं सोबत आले. थंडी आहे, संत्र्याच्या बागांवर धुकं आहे, पुढं एक माणूस स्वतःशीच पुटपुटत चालला आहे. शीव आली. मी म्हटलं, चला, झालं. तुम्ही माझ्यावर असे डोळे वटारले की मला आजही ते दिसतात. "झालं काऊन? कोणी घेतलं त्याले?" आणि आपण शिवेवरच्या बाभळीखाली बसून राहिलो. पलीकडच्या गावचा कोटवार आला, आधी नाही म्हणाला, मग तंबाखू मळली, मग म्हणाला, घेतलं. तेव्हा कुठं तुम्ही उठलात. "सोडाचं नाई, सोपवाचं," वाटेत म्हणालात, "समोरचा घेतलं म्हणेपर्यंत थांबाचं. आन मंग मागं पाहाचं नाई, नाई त थो वापस आपल्यामागं येते." मी विचारलं, पण काढायचंच कशाला? "ते पटलाले इचार," तुम्ही म्हणालात, "मी कोटवार हाय." पटेलाला मी विचारणार नाही हे आपल्या दोघांनाही माहीत होतं.

तर काल भाजीची पिशवी दुकानदाराच्या हातात देऊन मी टेम्पोत चढले. तो म्हणाला, मॅडम, तुम्ही काऊन त्रास घेता? मी म्हटलं, तुझा धडा राहिलाय. ती कुठली हे दिवाळीपासून कोणी विचारलंच नव्हतं, असं नाही. "कुठली गं तू," असं सगळेच विचारायचे, पण पोलिसासारखं, आणि ती पदर पुढं ओढून घ्यायची. मी आईसारखं विचारलं. "माय, माहेर कोणतं?"

"लोधीखेडा," ती लगेच म्हणाली.

"हे त आपल्याच जिल्ह्याची निघाली," ड्रायव्हर म्हणाला आणि त्यानं गाडी वरुडऐवजी सौसरकडं वळवली.

वाटेत आपल्या गावचा फाटा गेला. ती माझ्या शालीत गुंडाळून बसली होती. लोधीखेड्यात शिरल्यावर तिनं बोटानं रस्ता दाखवला, एकदाही चुकली नाही. भाऊ वारला होता. भावजय ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती, तीही म्हातारीच. हिच्याकडं बघून म्हणाली, "आली का? आम्ही त मेली समजलो."

"मेली असती त निरोप आला असता तुले," ही म्हणाली.

भावजय माझ्याकडं वळली. "तुम्ही कोण?"

"मास्तरीण. पांढुर्ण्याची."

"मंग तुम्हीच ठेवा ना. शिकलेल्या लोकाच्या घरी मस्त जागा असते."

बाबा, तिचं खरं होतं. माझ्याकडं तीन खोल्या आहेत आणि मी एकटी राहते. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. तेव्हा मी म्हटलं, "तुम्ही घेतलं म्हणेपर्यंत मी इथून हलणार नाही." आवाज माझा होता, वाक्य तुमचं. भावजय आत गेली. मला वाटलं, आता दार लागतंय. मी उभी राहिले. म्हातारी ओट्याच्या खालच्या दगडावर बसली आणि पडलेल्या शेंगा वेचून सोलायला लागली, जशी काही कालच उठून गेली होती. भावजय बाहेर आली ती पाण्याचा गडवा घेऊन. मला विचारलं नाही. तो नणंदेपुढं ठेवला. "पाय धू. लुगड्याचे काय हाल करून ठेवले वं."

"घेतलं का?" मी विचारलं.

"पाणी देलं ना? आता आंगठा बी मारू का?" मग म्हणाली, "घेतलं, बाई, घेतलं. जा तुम्ही."

ती का गेली होती हे मी विचारलं नाही. भावजयीला माझा फोन नंबर देऊन आले, नड पडली तर. आज सकाळी दुकानदारानं भाजीची पिशवी आणून दिली. उद्घाटन छान झालं म्हणाला. पायरी पुसून लख्ख होती. मी तिला घरी पोचवलं की त्याची पायरी मोकळी करून दिली, हे मला ठरवता येत नाही. तुम्हालाही कधी आलं नसावं, म्हणूनच तुम्ही त्या बाभळीखाली एवढे थांबायचे, असं आता वाटतं. मला ते थांबणं दिलंत. एवढं सांगायचं होतं.

हे पत्र टपालात पडणार नाही, तुमच्या कोटवारकीच्या बिल्ल्याच्या डबीखाली राहील. एक चुकलं माझं. टेम्पोत बसल्यावर मी मागं पाहिलं. ती माझ्याकडं बघत नव्हती, पाय धूत होती.

सोपवलं ते असं. एक बाई, चालती बोलती. तिचं गाठोडं, कोणी न उघडलेलं. एक जर्मनच्या पत्र्याचा डबा. बिस्किटाचा पुडा, अर्धा. माझी राखाडी शाल, ती परत मागायची नाही. घेणारी, भावजय. घेतलं, असं दोनदा म्हणाली.